भाताखालचं तूप

१७ नोव्हेंबर, सोमवार

ही वही क्लबच्या सुप्रिया मॅडमनं दिली आहे, पोरगा रोज काय खातो ते लिहायला. पुढून ते लिहीन. मागून माझं लिहीन. ती पुढच्याच पानांचे फोटो मागणार आहे, मागं कोण पाहते!

बोलताना मी मले-तुले करते, लिहिताना नाही. शाळेत गुरुजींनी त्यापायी छडी मारली होती, ती अजून हाताला आठवते.

आज पांढुर्ण्याच्या मैदानावर फुटबॉलच्या पोरांची आणि त्यांच्या आयांची परीक्षा झाली. कागदावर वीस प्रश्न, सगळे खाण्यापिण्याचे. सामन्याच्या आधी काय खावं, खेळ झाल्यावर अर्ध्या तासात काय द्यावं, घामासोबत शरीरातून काय जातं. मी म्हटलं, घाम जातो, अजून काय जाईन बाप्पा? आमच्या हर्षलला वीसपैकी एकोणीस. शेजारच्या प्रतिभाला चौदा. तिचा अमित गोलकीपर, दिवसभर एका जागी उभा राहतो, त्याला काय लागते खायला! आणि मला सहा.

सहा! अठरा वर्षं जिनं हा पोट्टा वाढवला तिला सहा, आणि जिनं अजून कोणाला घास भरवला नाही ती मार्क देणारी. हर्षल सगळ्यांसमोर खो खो हसला. "नापास झालीस ना वं आई!" मॅडम मात्र हसली नाही. ते मला जास्त लागलं.

१३ डिसेंबरला सौंसरला जिल्ह्याच्या टीमची निवड आहे. हर्षल डावीकडून पुढं खेळतो. चौथीत होता तेव्हापासून त्याला एकच पाहिजे, जिल्ह्याची जर्सी. मागच्या साली शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याचा दम गेला आणि नाव कटलं. म्हणून तर क्लबनं ही सव्वीस वर्षांची पोरगी आणली. दम म्हणे खाण्यातून येतो. हे मला माहीतच नव्हतं जसं काही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फ्रिजवर चार्ट लागला. जिथं माझं तिथीचं कॅलेंडर होतं, बरोबर तिथंच. सकाळी केळ आणि भिजवलेले बदाम. सरावानंतर दूध-पोहे. दुपारी पोळ्या चार, वरण, भाजी, दही. रात्री वरण-भात. तूप दिवसाला दोन चमचे. चमचाही तिनंच दिला, चिमणीला पाणी पाजायचा असावा एवढासा.

हर्षल आता जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढून तिला पाठवतो. देवाला नैवेद्य दाखवतात तसं ताट फोनला दाखवतो. तिकडून अंगठा आला की मग जेवतो. तोवर मी वाढणं घेऊन उभी. आधी माझ्याकडं पाहून म्हणायचा, "आई, अजून एक." आता मोबाइलकडं पाहून म्हणतो, "बस."

"मॅडम म्हणते" हे आज सकाळपासून जेवणापर्यंत अकरा वेळा झालं. मी मोजलं.

हे पोस्टातून आले तर मी फणफणतच होते. म्हणाले, "रजनी, तुह्या पोटात दुखून राहिलं." मी म्हटलं, हाव, दुखून राहिलं. पोट माझं आहे, दुखू द्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक गोष्ट केली. ताटात आधी तूप टाकलं, चांगलं पळीभर. त्यावर भाताची मूद. त्यावर वरण. आणि वरून मॅडमच्या चमच्यानं दोन चमचे, मोजून, देखत.

फोटोत काही दिसलं नाही. अंगठा आला. पोट्टा ताट चाटूनपुसून उठला.

पुढच्या पानावर लिहिलं, तूप दोन चमचे. खोटं नाही. वरचे दोनच होते. भांडी घासताना मी चक्क गाणं म्हटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बाई घरी आली! न सांगता. मला वाटलं तूप पकडायला आली. तर म्हणते, "काकू, अंबाडीची भाजी शिकवता का मले? हर्षल म्हणत होता तुमच्यासारखी कोणी करत नाही."

बोरगावची आहे म्हणे, बापाची संत्र्याची बाग आहे. नागपूरला शिकली. म्हणजे बोरगावच्या पोरीला अंबाडी येत नाही आणि ती आम्हाला जेवण शिकवणार. नाकापेक्षा मोती जड. मी म्हटलं, बस. शिकवली. तिनं माझी भाकर वजनकाट्यावर ठेवली, कण्या किती, डाळ किती, सगळं लिहून घेतलं. मग जेवायला बसली आणि अडीच भाकरी खाल्ल्या. अडीच! पोरांना मोजून देते आणि स्वतः अशी जेवते जशी आठ दिवसांची उपाशी. भाड्याच्या खोलीत राहते, तिथं काय शिजवते कोण जाणे.

जाताना म्हणाली, "काकू, तुम्ही कधी जेवता?" मी म्हटलं सगळ्यांचं झाल्यावर, जे उरते ते. शनिवारी उपास, मंगळवारी एकवेळ. तिनं तेही लिहून घेतलं. मी म्हटलं लिही बापा, माझ्यावरही परीक्षा घे.

हर्षल हल्ली वरचं तूप नको म्हणतो. "आई, वरून नको टाकू, कोरडंच चांगलं लागते." मला काही समजून नाही राहिलं. पण खालचं खातो ना, मग मी कशाला बोलू.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळ्या पोरांना नवा चार्ट मिळाला. दुपारच्या रकान्यात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ताक. कंसात, 'रजनीकाकूंची पद्धत'.

प्रतिभा दारातूनच ओरडली, "अवं, तुहं नाव छापून आलं!" मी म्हटलं, आलं तर आलं. माझीच भाकर आणि मलाच चार्ट. आयत्या बिळावर नागोबा. नाव टाकलं की म्हातारी चूप बसन, असं वाटलं असेल तिला. मी काही चव्वेचाळीस वर्षांची म्हातारी नाही.

तो कागद मात्र मी कपाटात ठेवला. हर्षलच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये. तिथं जागा होती म्हणून.

३ डिसेंबर, बुधवार

मोहगावच्या टीमसोबत सराव सामना होता. हर्षल पूर्ण वेळ खेळला. शेवटच्या मिनिटाला उजवीकडून चेंडू आला, तो तीन पोरांना मागं टाकून धावला आणि गोल. मी ओरडले, बाजूच्या बाईचा हात दाबून दाबून लाल केला.

आणि मग? क्लबचे सचिव रघुनाथराव सगळ्यांसमोर म्हणाले, "याले म्हणतात आहार! सुप्रिया, कमाल केली तू." टाळ्या. प्रतिभा म्हणाली, "मॅडमनं पोराचं सोनं केलं." हर्षल बाहेर आला तो पहिले तिच्याकडं गेला. तिनं पाण्याची बाटली दिली, दोघं काहीतरी बोलले, हसले. माझ्याकडं नंतर आला. "पाह्यलं का वं आई?"

पाहिलं ना. डोळे आहेत मला.

सोनं कोणी केलं? तूप कोणाचं? तेरा दिवस भाताखालून कोण टाकून राहिलं? पण सांगू कोणाला! सांगितलं तर मीच चोर.

घरी येऊन देवासमोर बसले आणि बोलले. मारुतीराया, पोरगा निवडला गेला तर सारं गाव म्हणेल मॅडममुळं. म्हणून, लोक नवस नंतर फेडतात तो मी आधीच फेडते. निवडीच्या दिवशीच जामसांवलीला तुझ्या देवळापाशी रोडगे करते. मग कोणामुळं झालं ते तुलाही माहीत आणि मलाही माहीत.

हे म्हणाले, "नवस आधी फेडते का कोणी?" मी म्हटलं, मी फेडते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मॅडमनं उद्याचं सगळं लिहून पाठवलं. दोनला सामना. अकराला भात, पातळ वरण, एक केळ. तूप नाही, तळलेलं नाही, वांगं नाही. त्यानंतर फक्त लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. खाली तीन वेळा लिहिलं, जड काही नको, जड काही नको, जड काही नको. मला वाचता येतं, एकदा लिहिलं तरी चालतं.

कणीक, डाळ, वांगी, गोवऱ्या, तुपाचा डबा, सगळं बांधून ठेवलं. उद्या गडबडीत लिहायला वेळ मिळणार नाही म्हणून उद्याचं पुढचं पान आजच लिहून टाकलं. अकरा वाजता, भात, वरण, केळ एक. सुंदर अक्षर आलं आज.

१३ डिसेंबर, शनिवार

जामसांवलीलाच लिहून राहिले, चुलीपाशी बसून. हर्षलचे बाबा त्याला मैदानावर सोडायला गेले, येऊन मला नेतील. सौंसर इथून काही लांब नाही.

दर्शन झालं. कणकेचे जाडजूड रोडगे असे भाजले की काय सांगू. निखाऱ्यातून काढले, राख झटकली, फोडले आणि तुपात बुडवले. हर्षलनं पाहिलं तर जागीच उभा राहिला.

"आई, मॅडमनं अकराले भात सांगितला होता."

"भात घरी राहिला. हा मारुतीचा प्रसाद आहे. देवाले नाही म्हणशील?"

त्यानं बूट काढले. मग बसला. फोन खिशातच. आज फोटो नाही, अंगठा नाही, काही नाही. मी त्याच्यासमोर बसले आणि वाढत गेले. एक. दोन. वांग्याची भाजी, वरण, वाटीत तूप. "आई, बस." अजून एक, देवाचा. "आई, बस ना वं." अजून एक, बाबांच्या नावचा. एक माझ्या नावचा. पाच खाल्ले पोट्ट्यानं, आणि माझ्यासमोर खाल्ले.

किती दिवसांनी! माझा उपास आहे पण मलाच जेवल्यासारखं वाटून राहिलं. काल लिहून ठेवलेल्या पानाचा फोटो मॅडमला पाठवून दिला. तिकडून लगेच अंगठा आणि वर, "ऑल द बेस्ट काकू." मला कशाला ऑल द बेस्ट? मी खेळून राहिले का?

१४ डिसेंबर, रविवार

काल सामन्यात पंचविसाव्या मिनिटाला तो पोट धरून खाली बसला. उठला. चेंडूच्या मागं धावला, पण तो धावणारा हर्षल नव्हता. मग लाइनच्या बाहेर आला, झाडापाशी गेला आणि ओकला.

मी पहिली पोचले. काय पडलं होतं ते मी पाहिलं. दुसऱ्या कोणी पाहायच्या आत पायानं त्यावर माती ढकलली.

सुप्रिया पाणी घेऊन धावत आली. "हर्षल, काय खाल्लं होतं?" मी तिथंच उभी. त्यानं वर पाहिलं, माझ्याकडं नाही, तिच्याकडं. "चार्टवरचं. भात, वरण, केळ."

तिनं फोन उघडला. माझं पान. ती त्या पानाकडं किती तरी वेळ पाहत राहिली, मग फोन बंद केला आणि त्याचं तोंड धुतलं.

त्यानं माझी बाजू घेतली. तिच्यासमोर. आनंद झाला का मला? झाला. खोटं काहून लिहू. एक मिनिटभर झाला.

यादी लागली. अमितचं नाव आहे. हर्षलच्या नावापुढं लिहिलं, दम नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

क्लबमध्ये मीटिंग झाली. सगळे पालक. रघुनाथरावांनी माझ्या पानाचा फोटो मोठा करून आणला होता. ते सुंदर अक्षर. "हे पाहा, आईनंच लिहिलं आहे. भात, वरण, केळ. अशा उकडलेल्या खाण्यावर पोरगा पंचवीस मिनिटं नाही टिकला." तेरा दिवसांपूर्वी यांनीच कमाल म्हटली होती. प्रतिभा म्हणाली, "आपल्या लोकायले हे चार्टबिर्ट झेपतच नाही." तिचा अमित त्याच चार्टवर निवडला गेला, पण ते आता तिला आठवत नाही.

ठरलं की शुक्रवारी चारला मॅडमनं वह्या गोळा करायच्या आणि काम बंद.

हर्षलच्या खेळाच्या सरांनी विचारलं, निवडीला जे आजारी होते त्यांची येत्या रविवारी पुन्हा निवड आहे, याला पाठवता येईल का? रघुनाथराव म्हणाले, "आजाराले कारण लागते. पोट कशानं बिघडलं? भातानं? कारण नाही म्हणजे दमच नाही."

सगळे सुप्रियाकडं पाहत होते. मला वाटलं आता ही म्हणेल, काकूंनी खोटं लिहिलं असेल. ती म्हणाली, "रजनीकाकूंची नोंद सगळ्यात नीट असते. माझंच काही चुकलं असन."

माझ्या मनासारखं झालं. बाई चालली. हेच पाहिजे होतं ना, रजनी? घरी आले आणि वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

फ्रिजवरचा चार्ट हर्षलनं काढून टाकला. फोटो नाही, अंगठा नाही, मॅडम म्हणते नाही. "काहीही दे वं आई." पोळी दिली, पोळी खाल्ली. वरून तूप टाकलं, नाही म्हटलं नाही. पाहिलंही नाही. सरावालाही गेला नाही, बूट दाराबाहेर तसेच पडून आहेत.

शेवटी मीच विचारलं. "त्या दिवशी मॅडमले खोटं काहून बोललास?"

"तू उभी होतीस ना तिथं."

"मंग रोडगे काहून खाल्ले? नाही म्हणायचं होतं."

"तू समोर बसून पाहून राहिली होतीस." मग ताटात बोट फिरवलं. "भाताखालचं तूपही मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आई. बोट खाली गेलं की समजते ना."

"मंग खाल्लं कसं?"

"मॅडमले विचारलं मी. ती म्हणाली, खालचं खा, वरचं नको घेऊ, हिशोब बसते. आईले सांगू नको, तिले वाईट वाटन."

हे म्हणून तो हात धुवायला गेला. म्हणजे तिला माहीत होतं. माझी वही खोटी आहे हे तिला २१ तारखेपासून माहीत होतं. आणि ती भरल्या मीटिंगमध्ये म्हणाली, काकूंची नोंद सगळ्यात नीट असते. एक शब्द बोलली असती तर तिचं काम वाचलं असतं.

कुंपणानंच शेत खाल्लं. आणि राखणदार म्हणून मीच मिरवून राहिले होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

चारला वही द्यायची आहे. मागं हे सगळं लिहिलेलं. म्हणून सकाळी नवी वही आणली आणि पुढचं सगळं उतरवून काढायला बसले. एक एक दिवस. पोहे, भाकर, ताक, तूप दोन चमचे. १३ तारखेपर्यंत आले आणि हात चालेना.

उतरवून दिलं तर कोणाला काही कळत नाही. सुप्रिया बोरगावला परत जाईल. हर्षलच्या नावापुढं दम नाही हे कायमचं राहील, आणि तो मला कधी काही म्हणणार नाही. पोट्टा आयुष्यभर माझ्यासमोर बसून, नको असलं तरी, खात राहील.

जुनी वही दिली तर रघुनाथराव साऱ्यांसमोर वाचतील. प्रतिभा संध्याकाळपर्यंत अर्ध्या पांढुर्ण्यात सांगून येईल. म्हणतील, आईनंच पोराचा घात केला. खोटं नाही म्हणणार ते.

जुनी वही उघडली. १३ तारखेच्या पानावर भात, वरण, केळ होतं त्यावर रेघ ओढली. खाली लिहिलं, बारा वाजता. रोडगे पाच. वांग्याची भाजी. तूप वाटीभर. मुलगा दोनदा बस म्हणाला. वाढणारी मी. सही केली. अक्षर काही चांगलं आलं नाही.

जळफळाट गेला का? नाही गेला. तो पहिले तिच्याकडं धावत गेला होता ते अजून डोळ्यांसमोर आहे, आणि तो गेला तर बरंच केलं असंही वाटते, आणि तरी जळते. पण रविवारी निवड आहे. आणि त्या दिवशी पोरानं काय खाल्लं हे खरं सांगणारी मी एकटीच आहे. वीसपैकी हा एक प्रश्न तरी मला येतो.

साडेतीन झाले. हर्षलला म्हटलं, बूट धुऊन ठेव, परवा लागतील. त्यानं दाराबाहेरचे बूट उचलले. दोन भाकरी आणि अंबाडी डब्यात भरली, त्या पोरीनं दुपारी काही खाल्लं नसेल. वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, मॅडम, मागून वाचा.